टॉप लोड मशीन गळतंय? पाणी कधी येतं ते आधी बघा

वॉशिंग मशीनखाली पाणी दिसलं की घरात पहिला प्रश्न येतो, "कुठनं गळतंय?" मग कुणीतरी बॅटरी घेऊन फरशीवर आडवं होतं आणि खाली बघत बसतं. खाली बघून उत्तर सहसा सापडत नाही. टॉप लोड मशीनचं बूड बहुतेक उघडंच असतं, फार तर उंदीर शिरू नयेत म्हणून एक जाळी किंवा पातळ पत्रा मारलेला असतो. वर कुठेही सुटलेला थेंब टबाच्या अंगावरून, वायरीवरून ओघळत येतो आणि जिथे सगळ्यात खोलगट जागा मिळेल तिथून टपकतो. त्यात आपल्या मोरीला उतार असतो, पाणी पडल्या पडल्या उताराकडे धावतं. डबकं एका कोपऱ्यात आणि गळती भलत्याच कोपऱ्यात, हे नेहमीचं आहे.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो. कुठून येतं हे नंतर, आधी कधी येतं ते बघा. मशीन बंद असताना येतं, पाणी भरताना येतं, कपडे घुसळताना येतं, पाणी सोडताना येतं की पिळताना? मशीन प्रत्येक टप्प्यावर आपले वेगवेगळे भाग वापरतं, त्यामुळे टप्पा कळला की संशयित एकदोनच उरतात. सांगली-मिरजेत चुकीचा पार्ट बदलून पैसे घालवलेली घरं मी बरीच पाहिली आहेत. त्यातल्या कित्येकांचं काम एका रबरी वायसरवर भागलं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आत काय असतं

टॉप लोड मशीनमध्ये एकात एक असे दोन टब असतात. झाकण उघडलं की दिसतो तो स्टीलचा, भोकाभोकांचा. त्याला ड्रम म्हणू. तो कपडे धरतो, पाणी त्याच्या भोकांतून आरपार जातं. पाणी धरतो तो त्याच्या बाहेरचा प्लास्टिकचा टब, जो आपल्याला कधी दिसतच नाही. हा टब मशीनच्या चार कोपऱ्यांतून चार सळ्यांवर स्प्रिंगांसकट टांगलेला असतो. पिळताना आतलं सगळं हिंदकळतं आणि बाहेरचा डबा तरी जागेवर राहतो, तो या सळ्यांमुळे.

आता या प्लास्टिकच्या टबाला भोकं किती ते मोजू. खालच्या बाजूला एक पाणी सोडायचं. त्याच्या जवळपास एक छोटं, पाण्याची पातळी मोजणाऱ्या हवेच्या कप्प्याचं. बुडाच्या मधोमध एक मोठं, ज्यातून मोटरची ताकद वर नेणारा शाफ्ट आत शिरतो. आणि बऱ्याच मशीनमध्ये वर काठाजवळ एक, जास्तीचं पाणी वाहून जाण्यासाठी. पाणी आत येतं ते वरून, पावडरच्या खणातून मोकळं पडतं. म्हणजे गळती या भोकांपाशी असणार, नाहीतर पाणी आणणाऱ्या आणि नेणाऱ्या पाइपांवर. टबालाच चीर गेली तर ते वेगळं प्रकरण. याखेरीज पाणी बाहेर पडतं ते फक्त वरून उसळून किंवा उडून.

हात घालण्याआधी प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर गळती बाजूला ठेवा आणि आधी अर्थिंग तपासून घ्या, कारण ओली फरशी आणि करंट ही जोडी जीव घेते. मोटरजवळचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ चार्ज धरून ठेवतो, त्याच्या टोकांना बोट लावायचं नाही. आणि टबात पाणी असताना मशीन तिरकं करू नका, भरलेला टब एका अंगाला कलतो आणि सळ्या जागा सोडतात.

मशीन बंद आणि तरी पाणी

हे सगळ्यात सोपं निदान. मशीन बंद असताना त्याच्याकडे पाणी येतं ते फक्त कॉकपासून मागच्या व्हॉल्व्हपर्यंतच्या (पाणी आत सोडणाऱ्या-थांबवणाऱ्या झडपेपर्यंतच्या) पाइपात, सतत दाबाखाली. पाइप कापडाने कोरडा पुसा आणि दोन्ही टोकांच्या जोडांना वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळा. तासाभराने कुठली पट्टी भिजली ते बघा.

कॉककडची भिजली तर बहुतेक घरांत दोष त्या चार स्क्रूच्या कनेक्टरचा असतो. साध्या नळाच्या तोंडावर तो चार बाजूंनी स्क्रू पिळून बसवलेला असतो. पिळताना मशीन हादरतं, स्क्रू हळूहळू ढिले पडतात आणि कनेक्टर तिरका होतो. स्क्रू आवळून काही दिवस निभतं. कायमचा उपाय म्हणजे प्लंबरकडून तिथे आट्यांचा वॉशिंग मशीन कॉक बसवून घेणं. एकदाच करायचं काम आहे आणि माझ्या मते मशीन घेतल्या दिवशीच करावं.

मशीनकडची पट्टी भिजली तर पाइपाच्या टोकातलं वायसर बघा. रबर कडक होऊन चपटं पडलेलं असतं किंवा त्याला बारीक भेगा गेलेल्या असतात. हा जोड रबराच्या दाबावर पाणी थांबवतो, आट्यांवर नाही, त्यामुळे इथे टेफलॉन टेप गुंडाळत बसण्यात अर्थ नाही. ती टेप भिंतीत शिरणाऱ्या कॉकच्या आट्यांसाठी. नवीन वायसर घाला, हाताने घट्ट होईल तेवढं फिरवा आणि पक्कडीने फार तर पाव फेरा द्या. व्हॉल्व्हची मान प्लास्टिकची असते, ताकद लावली की तिला चीर जाते आणि दहा रुपयांचं काम अख्ख्या व्हॉल्व्हवर जातं.

दुसरा प्रकार जरा फसवा आहे. बाहेर सगळं कोरडं, पण सकाळी झाकण उघडलं तर टबात पाणी साठलेलं. इथे व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. या व्हॉल्व्हमध्ये रबराचा एक पातळ पडदा असतो आणि त्याला बारीक छिद्र असतं. नळाचं पाणी त्या छिद्रातून पडद्याच्या मागे जातं आणि स्वतःच्याच दाबाने पडदा मिटवून धरतं. वाळूचा एक कण त्या छिद्रात किंवा पडद्याखाली अडकला की थेंब थेंब सुरू. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ होतं तेव्हा पाइप जोडतो त्या तोंडातली बारीक जाळी नक्की काढून बघा. ती चिखलाने भरलेली सापडते. आणि कुणी ती जाळी "पाणी बारीक येतंय" म्हणून काढून टाकली असेल तर कण थेट पडद्यापाशी जातात.

व्हॉल्व्हच मिटत नाही की मशीनचा सर्किट बोर्ड त्याला उघडं ठेवतोय, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. मशीन पाणी भरत असताना सरळ प्लग काढा. पाणी लगेच थांबलं तर व्हॉल्व्ह ठीक आहे, हुकूम देणारा बोर्ड किंवा सेन्सर चुकतोय. प्लग काढूनही पाणी येतच राहिलं तर व्हॉल्व्हमध्येच अडलंय.

बैठ्या घरांत आणखी एक कारण असतं. टाकी न्हाणीच्या छतावर, मशीन तिच्याच खाली. टाकी आणि मशीन यांच्यातल्या प्रत्येक मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब मिळतो. उंचीच दोन मीटर असेल तर दाब ०.२ बार. पडदा पाण्याच्या दाबावर मिटतो हे वर सांगितलंच. दाब एवढा कमी असला तर चांगला व्हॉल्व्हही पुरता मिटत नाही. मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब लिहिलेला असतो, तो आपल्या टाकीच्या उंचीशी ताडून बघा. अशा घरात दोनदा व्हॉल्व्ह बदलूनही गळती राहते आणि दोष मेकॅनिकला दिला जातो.

पाणी भरताना येतं

पाइप आणि व्हॉल्व्हनंतर पाणी जातं पावडरच्या खणात. तिथे पावडर घट्ट होऊन दगड झालेली असली की पाणी खणाच्या काठावरून पुढे उसळतं आणि मशीनच्या पुढच्या अंगावरून खाली येतं. खण काढून गरम पाण्यात भिजवून घासला की झालं. एवढ्यासाठी मेकॅनिक बोलावणारी घरं आहेत.

भरणं थांबतच नाही, हा मात्र लक्ष देण्यासारखा दोष. मशीनला पाणी किती झालं हे कसं कळतं? एक पेला उलटा धरून बादलीत दाबून बघा. आतली हवा बाहेर पडू शकत नाही, ती दाबली जाते. जितकं खोल दाबाल तितकी जास्त दाबली जाते. टबाच्या खालच्या बाजूला असाच हवेचा कप्पा असतो, त्यातून करंगळीहून बारीक नळी वर सेन्सरपर्यंत जाते. टबात पाणी चढतं तशी नळीतली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून सेन्सर पातळी ओळखतो. आता ही नळी टोकाशी निसटली, उंदराने कुरतडली किंवा तिला बारीक छिद्र पडलं, तर हवा निघून जाते. सेन्सरला वाटतं टब रिकामाच आहे. मशीन भरत राहतं आणि काठाजवळच्या भोकातून पाणी ड्रेन पाइपात वाहत राहतं. कधी कधी फरशीवर थेंबही नसतो, नुसता मोरीत पाण्याचा आवाज येत असतो आणि गच्चीवरची टाकी रिकामी होते.

मागचं पॅनेल उघडून ती नळी दोन्ही टोकांनी घट्ट आहे का, अंगावर दातांच्या खुणा आहेत का, एवढं बघा. ऊसतोड सुरू झाली की शेताकडेच्या घरांत उंदीर वाढतात, हे वाळवा-पलूसकडच्या लोकांना सांगायला नको. या नळीच्या आणि वायरींच्या तक्रारीही त्याच दिवसांत जास्त कानावर येतात. मशीनखालची जाळी फाटली असेल तर नळीआधी ती बदला.

बघत बसायला वेळ नसेल तर हळद

तासभर मशीनशेजारी बसणं सगळ्यांना जमत नाही. कामावरून आलं की डबकं तेवढं दिसतं. अशा वेळी डबक्यातलं पाणी स्वच्छ नळाचं आहे की टबातलं साबणाचं, एवढं कळलं तरी बरंच कळतं, आणि त्यासाठी स्वयंपाकघरातली हळद पुरते.

हळदीतला रंग आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळा राहतो, अल्कली लागली की लाल होतो. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो तो यामुळेच. कपड्यांची पावडर चांगलीच अल्कलीयुक्त असते. पांढऱ्या बशीत गळतीचं चमचाभर पाणी घ्या, चिमूटभर हळद टाका आणि बोटाने हलवा. लालसर, विटकरी झालं तर ते साबणाचं पाणी, म्हणजे टब, शाफ्ट किंवा ड्रेनच्या बाजूचं. पिवळंच राहिलं तर बहुधा नळाकडचं, वायसर किंवा व्हॉल्व्हचं. बहुधा अशासाठी म्हणतो की शेवटच्या खंगाळणीच्या पाण्यात साबण इतका कमी असतो की हळद पिवळी राहू शकते. म्हणून हे पावडर घातलेल्या पहिल्या धुण्याच्या वेळी करा. लिक्विड वापरत असाल तर भरवसा धरू नका, कित्येक लिक्विडमध्ये अल्कली फारशी नसते. आणि आधी फरशी स्वच्छ धुवून पुसा, नाहीतर मोरीतला जुना साबणच हळदीला लाल करेल. बोअरच्या जड पाण्यानेही हळद सहसा लाल होत नाही, त्यामुळे आटपाडी-जतकडेही ही तपासणी चालते. फरशीवर थेट हळद टाकू नका, सांध्यातले डाग जात नाहीत.

पाणी सोडताना, आणि सोडायच्या आधीच

मशीन पाणी सोडतं तेव्हाच फरशी ओली होत असेल तर आधी मशीनला दोष देऊ नका. मोरीची जाळी तुंबलेली असेल. टबातलं पाणी काही मिनिटांत बाहेर येतं आणि अर्धवट तुंबलेली मोरी तेवढं घेऊ शकत नाही, पाणी मागे सरकून मशीनखाली येतं. एक बादली पाणी मोरीत झटक्यात ओतून बघा. उभं राहिलं तर मेकॅनिक नको, प्लंबर बोलवा.

ड्रेन पाइपाला घडी पडलेली असते, कधी खालच्या बाजूने घासून छिद्र गेलेलं असतं. पंप नसलेल्या मशीनमध्ये पाणी नुसत्या उताराने जातं, तिथे पाइपाचं तोंड फरशीलगत हवं. ते उचलून बादलीत किंवा उंच कठड्यावर ठेवलं की पाणी आतच अडतं आणि एखादा ढिला जोड असला तर तिथून बाहेर येतं. पंपवाल्या मशीनला उलट, तिथे पाइप पुस्तिकेत दिलेल्या उंचीपर्यंत वर न्यावा लागतो.

सोडायची वेळ झालेली नसतानाही ड्रेन पाइपातून धार येत असेल तर ड्रेनचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. आत रबरी भाता असतो, मागे स्प्रिंग. स्प्रिंग भात्याला भोकावर दाबून धरते, पाणी सोडायचं असलं की छोटी मोटर तो मागे ओढते. ब्लाउजचा हूक, नाडीचं टोक, केसांची गुंतवळ, शर्टाच्या खिशातलं नाणं, यांपैकी काहीही भात्याखाली अडकलं की फट राहते. पाणी भरून मशीन थांबवा, पातळी ड्रमच्या कुठल्या भोकापर्यंत आहे ते बघून ठेवा आणि अर्ध्या तासाने परत बघा. उतरली आणि ड्रेन पाइपाचं तोंड ओलं असेल तर हाच दोष. बऱ्याच मॉडेलमध्ये व्हॉल्व्हचं टोपण फिरवून निघतं, भाता बाहेर येतो, ब्रशने घासून परत बसवता येतो. भात्याची कड फाटली असेल तर मात्र नवीनच घ्या, चिकटवून उपयोग नाही.

याच तपासणीत पातळी उतरली पण ड्रेन पाइप कोरडा आणि पाणी मशीनच्या मधोमध खाली पडतंय, असं दिसलं तर पुढे वाचा. हा सगळ्यात महागडा दोष.

शाफ्ट, ऑइल सील आणि बेअरिंग

टबाच्या बुडाला मधोमध भोक आहे, त्यातून एक दांडा जातोय, तो सतत फिरतोय आणि वर तीस-चाळीस लिटर पाणी उभं आहे. पाणी खाली येत नाही ते एका रबरी कड्यामुळे. यालाच ऑइल सील म्हणतात. त्याच्या आतल्या कडेला पातळ ओठ असतो आणि त्या ओठाभोवती बारीक स्प्रिंगचं वेटोळं. स्प्रिंग ओठाला शाफ्टवर चहूबाजूंनी सारखं दाबून धरते, शाफ्ट फिरत राहतो आणि ओठ त्याला चिकटून पाणी अडवतो. बहुतेक टॉप लोड मशीनमध्ये शाफ्ट दुहेरी असतो. बाहेरचा पोकळ शाफ्ट ड्रम फिरवतो, त्याच्या पोटातून जाणारा बारीक शाफ्ट तळाची पंख्यासारखी चकती, म्हणजे पल्सेटर. धुताना पल्सेटर एकटा फिरतो, पिळताना दोन्ही एकत्र. आतल्या शाफ्टलाही स्वतःचं छोटं सील असतं, हे बरेच जण विसरतात.

सील का जातं? वयाने रबर कडक होतं हे एक. क्षाराचं पाणी हे दुसरं. कवठेमहांकाळ, जत, आटपाडी या भागांत बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या शाफ्टवर पांढरे खरखरीत थर चढतात आणि ओठ त्यावर घासला जातो. ओझं हे तिसरं. भिजलेल्या जाड चादरी एका बाजूला गोळा झाल्या की पिळताना, मिनिटाला सातशेच्या आसपास फेऱ्या होत असताना, शाफ्टवर आडवा जोर येतो.

सील गेलं तरी पहिले काही आठवडे फरशीवर विशेष काही दिसत नाही, कारण पाणी आधी खालच्या बेअरिंगमध्ये, म्हणजे शाफ्टला आधार देणाऱ्या गोळ्यांच्या कड्यात, जातं. ग्रीस धुऊन निघतं, गोळ्यांना गंज चढतो, पिळताना घरघर सुरू होते. बेअरिंग सैल झालं की शाफ्ट लटपटतो आणि उरलंसुरलं सीलही फाटतं. म्हणून पिळताना नवा आवाज आणि मशीनच्या मधोमध तपकिरी, गंजाळलेले ओघळ, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर वाट बघू नका. सुरुवातीलाच सील बदललं तर बेअरिंग वाचू शकतं.

मिरजेतल्या एका मेकॅनिकने एकदा गिअरबॉक्स, म्हणजे शाफ्टसकटचा खालचा अख्खा भाग, बाहेर काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "सर, ह्येच्यावर नख फिरवून बघा." शाफ्ट चकचकीत दिसत होता. नख वरून खाली ओढलं तर सीलचा ओठ जिथे बसतो नेमकं तिथे ते अडकलं. डोळ्यांना जेमतेम दिसणारी एक चरी, शाफ्टच्या भोवती पूर्ण गोल. मऊ रबराने स्टीलला चरी पाडली, रबरात रुतलेल्या बारीक कणांनी. "आता नवीन सील टाकलं तरी या चरीतनं पाणी येणारच. म्हून लोक म्हणत्यात सील बदलून पण चार म्हैन्यात गळाय लागलं." असा शाफ्ट असेल तर बुश किंवा पूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागतो, आणि तो खर्च काम सुरू व्हायच्या आधी कळायला हवा.

हे काम घरी करू नका असं मी स्पष्ट सांगेन. पल्सेटरचा स्क्रू सुटतो, पण ड्रमचा मोठा नट गंजून बसलेला असतो, त्याला खास पान्हा आणि हातोडा लागतो. चुकीचा घाव बसला तर टबच तडकतो. मेकॅनिकला बोलवा, पण त्याच्याशी बोलायला तयार राहा. सील आणि बेअरिंग दोन्ही बदलणार का? शाफ्टला चरी आहे का ते दाखवणार का? आतल्या शाफ्टचं छोटं सील बदलणार का? सील स्वतः स्वस्त असतं, पैसे जातात ते मशीन उघडण्या-जोडण्याच्या मजुरीत. एकदा उघडलंच आहे तर बेअरिंग जुनं ठेवून वाचवलेले पैसे दुसऱ्या मजुरीत जातात. वॉरंटी आहे म्हणून निर्धास्त असाल तर कार्ड नीट वाचा, मोठ्या अक्षरातली लांब मुदत बहुधा फक्त मोटरची असते.

पुरात बुडालेल्या मशीनबद्दल वेगळं लिहायलाच हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांच्या वर पातळी गाठली, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ मध्ये पुन्हा पाणी शहरात आलं. गावभाग, सांगलीवाडीसारख्या भागांत किती घरांतली मशीन पाण्याखाली गेली हे आपण सगळ्यांनी रस्त्यावरच्या ढिगांत पाहिलं. त्यातली काही धुऊन-वाळवून चालू झाली आणि लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. पण पुराच्या पाण्यातला गाळ अतिशय बारीक आणि खरखरीत असतो, तो खालून बेअरिंगमध्ये आणि सीलच्या ओठाखाली शिरतो. मशीन फिरतं, कपडे निघतात आणि दर फेरीला ओठ झिजत जातो. पुन्हा कधी अशी वेळ आली तर मशीन नुसतं वाळवून चालू करू नका. वायरिंग-मोटर तपासून घ्यालच, त्याच वेळी सील आणि बेअरिंगही उघडून बघायला सांगा.

फक्त पिळताना येतं

पिळताना गळण्यामागे निम्म्या वेळा फेस असतो. बादलीत भिजवायची पावडर मशीनमध्ये घातली की फेस काठावरून उसळतो. यात एक स्थानिक भानगड आहे. बोअरच्या जड पाण्यात फेस कमी येतो म्हणून बायका-पुरुष सगळेच पावडर वाढवतात. तीच वाढीव पावडर मग नदीचं पाणी आलं तरी तशीच पडते आणि फेसाचा डोंगर होतो. अपार्टमेंटमध्ये दोन्ही पाणी एकाच टाकीत येत असेल तर एक आठवडा गळतं, एक आठवडा गळत नाही, असं कोडं पडतं. पावडर निम्मी करून एकदा धुवा. गळती थांबली तर उत्तर मिळालं.

फेस नसेल तर तोल बघा. मशीनवर पाण्याने भरलेला पेला ठेवा, पाण्याची कड पेल्याच्या काठाला समांतर आहे का बघा, नसेल तर खालचे पाय फिरवून सारखं करा. टबाच्या वरच्या काठावर प्लास्टिकचं कडं खटक्यांनी बसवलेलं असतं. टब डब्यावर आदळून आदळून ते उचकटतं आणि पिळताना पाणी वरून उडतं. सळ्यांचे स्प्रिंग दमले असतील तर टब एका कोपऱ्यात लोंबलेला दिसतो. रेनकोट, ताडपत्री, वॉटरप्रूफ गादीचं कव्हर मशीनमध्ये पिळू नका. पाणी त्यांच्यात पिशवीसारखं अडकतं, फिरता फिरता अचानक सुटतं आणि टब जोरात आदळतो. टबाला चिरा जातात त्या अशा.

ड्रमच्या वरच्या जाड कड्यात तोल सांभाळण्यासाठी मिठाचं पाणी भरलेलं असतं. ते कडं तडकलं तर पांढरे खारे डाग दिसतात आणि मशीन पूर्वीपेक्षा जास्त नाचतं. क्वचित होतं, पण झालं तर सील-बेअरिंग बदलून काही फरक पडणार नाही.

टबाच्या चिरेला एमसील लावायचा मोह होतो. हा टब बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि या प्लास्टिकला एपॉक्सी, फेविक्विक, काहीच धड चिकटत नाही. वर टबात सतत हादरे. पट्टी आठवडा-दोन आठवड्यांत सुटते. टब बदलायचा खर्च विचारा, मशीनचं वय बघा आणि मग ठरवा. दहा-बारा वर्षांच्या मशीनला नवीन टब घालण्यापेक्षा मी नवं मशीन घेईन. पण त्याच वयाच्या मशीनचं फक्त सील-बेअरिंग गेलं असेल आणि शाफ्ट चांगला असेल तर दुरुस्तीच करेन.

बोअरचं पाणी वापरत असाल तर मधूनमधून रिकाम्या मशीनमध्ये १०० ग्रॅम लिंबूसत्व टाकून एक पूर्ण धुणं फिरवा, क्षाराचे थर सुटतात. त्यात ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच मिसळायचं नाही, आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

दुरुस्ती झाल्यावर

मेकॅनिक निघायच्या आधी टब सगळ्यात वरच्या पातळीपर्यंत भरा आणि मशीन थांबवून ठेवा. चहा करा, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. खाली कोरडं वर्तमानपत्र पसरा, कागदावर पडलेला एक थेंबही लपत नाही. मग दोन-तीन मिनिटं घुसळू द्या, पाणी सोडा, रिकामं पिळा आणि प्रत्येक टप्प्यानंतर कागद बघा. मजुरी द्यायची ती हे झाल्यावर. काढलेलं जुनं सील आणि बेअरिंग मागून घ्या. बेअरिंग हातात धरून फिरवून बघा, खरखरत असेल तर बदलणं बरोबरच होतं.

नुसतं वायसर बदललं असेल तर पहिले दोन-तीन दिवस कॉकखाली कागद राहू द्या. नवं रबर बसेपर्यंत एखादा थेंब येऊ शकतो, तेव्हा पक्कडीने जरासा आणखी फेरा द्यायचा. आणि धुणं संपलं की कॉक बंद करायचा, रात्रभर पाइप दाबाखाली ठेवायचं काही कारण नाही.